ब्रेक दाबला की गाडी का थरथरते?

एरवी गाडी अगदी सरळ चालते. ऐंशीच्या वेगात स्टिअरिंगवर दोन बोटे ठेवली तरी पुरतात. मग समोर अचानक रोही आडवा येतो, पाय ब्रेकवर जातो आणि स्टिअरिंग हातात थडथड उडू लागते. डॅशबोर्ड वाजतो, कधी सीटखालची जमीन हादरते. वेग तीस-चाळीसवर आला की थरथर आपोआप विरते. ब्रेक सोडला तरी विरते. आर्णी रोडवर काय किंवा दारव्हा रोडवर काय, कोणत्याही गॅरेजमध्ये ही तक्रार नवी नाही. तिथे मिळणारे उत्तरही ठरलेले असते : ‘डिस्क वाकडी झाली, घासून घ्या.’

हे निदान अर्धे बरोबर आहे. अर्ध्या निदानावर केलेल्या उपचाराचे जे होते तेच इथेही होते. डिस्क घासली की दोन-तीन महिने आराम पडतो आणि मग तीच थरथर परत येते.

माणसाच्या हाताला कंप सुटतो तेव्हा डॉक्टर आधी एक साधी गोष्ट पाहतात. हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना कापतो, की पाण्याचा पेला तोंडाशी नेताना? निवांत असताना कापणारा हात पार्किन्सनकडे, म्हणजे कंपवाताकडे बोट दाखवतो. वस्तू धरायला जाताना, नेमक्या ठिकाणी पोहोचताना वाढणारा कंप लहान मेंदूच्या बिघाडाचा असू शकतो. दोन्हीला घरचे लोक ‘हात थरथरतो’ असेच म्हणतात, पण आजार वेगळे आणि औषधेही वेगळी. गाडीचेही असेच आहे. ब्रेकला पाय न लावताही ऐंशी-शंभरच्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर दोष बहुधा चाकाच्या बॅलन्सिंगमध्ये, टायरला आलेल्या फुगवट्यात किंवा ठेचलेल्या रिममध्ये असतो. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर दोष ब्रेकमध्ये शोधायचा. हा एक प्रश्न गाडी गॅरेजला नेण्याआधी मालकाने स्वतःला विचारला तरी पुष्कळ चुकीची कामे वाचतील.

लिटरभर पाणी उकळवणारा ब्रेक

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे तिच्या गतीची उष्णता करतो. बाराशे किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरने धावत असते तेव्हा तिच्यात सुमारे ३ लाख ज्यूल ऊर्जा असते. ती पूर्ण थांबवली की ही सगळी ऊर्जा काही सेकंदांत प्रामुख्याने ब्रेकच्या लोखंडात उतरते. तेवढ्या उष्णतेत ३० अंशांवरचे लिटरभर पाणी उकळीच्या तापमानाला पोहोचेल. ब्रेक लागताना गाडी पुढे झुकते, म्हणून यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कना सोसावा लागतो. एका जोरदार ब्रेकला पुढच्या डिस्कचे तापमान साधारण ४० अंशांनी चढते. डिस्क निवायच्या आत दुसरा ब्रेक, मग तिसरा असे होत गेले, तर पुसद-उमरखेडकडच्या डोंगराळ रस्त्यावरच्या लांब उतारात ते ३०० अंशांपलीकडे जायला वेळ लागत नाही.

त्यात आपल्याकडचा मे महिना. बाहेरची हवाच ४४-४५ अंशांची, डांबर त्याहून तापलेले आणि लग्नसराईचे दिवस. पाच जणांच्या गाडीत सात जण, डिक्कीत आहेराची भांडी, वर कॅरिअरवर गाद्या. गाडीचे वजन जितके वाढेल तितकी प्रत्येक ब्रेकला उष्णताही वाढते. वेगाचा हिशेब त्याहून कडक आहे. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते.

डिस्क ब्रेकची कल्पना तशी जुनी. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याच्या गाडीत तांब्याचे पॅड होते आणि ते भयंकर किंचाळत. १९५३ मध्ये ‘ल मां’ची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली, तेव्हा जगाचे लक्ष या ब्रेककडे गेले. बांधणी सोपी आहे. चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड आणि ते पॅड दाबणारा कॅलिपर. भाकरी चिमट्यात धरावी तसे. तबकडी सगळीकडे सारख्या जाडीची असेल तर चिमट्याला काही जाणवत नाही. एखाद्या ठिकाणी ती जाड आणि दुसऱ्या ठिकाणी पातळ असेल तर जाड भाग आला की पकड घट्ट होते, पातळ भाग आला की सैल. चाकाच्या प्रत्येक फेरीला एक झटका बसतो, कधी दोन.

ऐंशीच्या वेगात छोट्या गाडीचे चाक सेकंदाला सुमारे १२ फेऱ्या मारते. म्हणजे सेकंदाला १२ झटके. योगायोग असा, की गाडीचे पुढचे चाक आणि त्याचे सस्पेन्शन यांची स्वतःची झुलण्याची लयही याच्याच आसपास असते. झोका देणाऱ्याने नेमक्या वेळी हात लावला की झोका उंच जातो, तसे हे इवलेसे झटके वाढून स्टिअरिंगपर्यंत पोहोचतात. वेग चाळीसवर आला की झटके सेकंदाला सहावर येतात, लय मोडते आणि थरथर विरते. आपल्या बोटांच्या टोकांच्या कातडीखाली माइस्नर नावाच्या संवेदी कणिका असतात. त्यांना सेकंदाला १० ते ५० वेळा होणारी फडफडच सर्वांत चांगली कळते. चालकाच्या हाताला हा दोष इतक्या लवकर समजतो तो त्यामुळे.

केसाहूनही बारीक फरक

किती जाडीचा फरक पुरतो? एका मिलिमीटरच्या ५० व्या भागाएवढाही पुरतो. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. डिस्कच्या जाडीत ०.०२ मिलिमीटरचा चढउतार झाला की पुष्कळ गाड्या थरथरू लागतात. हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि बोट फिरवून कळत नाही. म्हणून ‘डिस्क तर गुळगुळीत दिसते’ या म्हणण्याला काही अर्थ नसतो.

आता ‘वाकडी झाली’ या शब्दाकडे येऊ. तापून भाकरीसारखी वळलेली डिस्क अगदी क्वचित सापडते. ओतीव बीड त्याहून बरेच चिवट असते. प्रत्यक्षात दोन गोष्टी घडतात. पहिली : डिस्क हबवर अगदी किंचित तिरपी बसलेली असते. गाडी चालत असते, ब्रेक लागलेला नसतो, पण तिरप्या डिस्कची एक बाजू प्रत्येक फेरीला पॅडला हलकेच चाटून जाते. असे हजारो किलोमीटर झाले की तेवढा भाग झिजून पातळ होतो. दुसरी : पॅडमधला राळ, तंतू आणि धातूचे कण यांचा एक पातळ थर डिस्कवर चढत असतो. हा थर एकसारखा असेल तर उत्तमच, चांगली पकड त्याच्यामुळेच येते. पण लांब उतारानंतर ब्रेक लालबुंद तापलेला असताना गाडी उभी करून पेडल घट्ट दाबून ठेवले तर पॅडखाली सापडलेल्या जागी तो थर जाड बसतो. टोल नाक्यावर किंवा रेल्वे फाटकावर हे नकळत घडते. फारच तापलेल्या ठिकाणी, ६५० अंशांच्या पलीकडे, बिडातले लोह आणि कार्बन यांची रचनाच बदलते आणि तिथे सिमेंटाइट नावाचे अतिशय कडक ठिपके तयार होतात. आजूबाजूचे मऊ बीड झिजते, ठिपके राहतात. पृष्ठभाग घासला तरी ठिपक्यांची मुळे आत खोल असतात, म्हणून घासलेली डिस्क काही आठवड्यांत पुन्हा थरथरते.

डिस्क तिरपी बसते ती का, हा खरा प्रश्न. याचे उत्तर आपल्या जिल्ह्यात पायाखाली आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्याने शेतावर गेलेली गाडी काळी माती घेऊनच परत येते. ही माती चिकट असते, वाळली की दगडासारखी होते. चाक काढले, डिस्क काढली आणि हबचा तोंडवळा तारेच्या ब्रशने साफ न करता नवी डिस्क चढवली, की मातीचा किंवा गंजाचा एक पापुद्रा मध्ये राहतो. हबजवळ ०.०५ मिलिमीटरचा पापुद्रा डिस्कच्या बाहेरच्या कडेला जवळपास दुप्पट तिरपेपणा देतो. बहुतेक गाड्यांत चालणारी मर्यादाच ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते.

दुसरे कारण पंक्चरच्या दुकानात आहे. चाकाचे चार किंवा पाच नट समोरासमोरचे घेत, टप्प्याटप्प्याने, सारख्या ताकदीने आवळायचे असतात. छोट्या गाड्यांना साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटर एवढा जोर पुरतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. रस्त्यावर मात्र पान्याला लांब पाइप लावून, त्यावर उभे राहून एक नट पूर्ण आवळला जातो, मग शेजारचा. असमान ओढीने डिस्क हबवर तिरकी बसते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. लक्षण दिसते ते पाच-दहा हजार किलोमीटरनंतर, डिस्क एका बाजूने झिजल्यावर. साथीच्या आजारात लागण आणि ताप यांच्यात दिवस जातात तसे इथे महिने जातात. त्यामुळे पंक्चर काढणाऱ्यावर कोणाचा संशयच जात नाही.

कॅलिपरच्या सरकत्या पिना चिखलाने, गंजाने जाम होणे हेही वरचेवर दिसते. मग ब्रेक सोडल्यावरही एक पॅड डिस्कला चिकटून राहतो आणि ती सतत तापते. मागच्या ड्रमचे दुखणे थोडे वेगळे. तापलेल्या ड्रमवर लगेच हँडब्रेक करकचून ओढून गाडी उभी केली, की निवताना ड्रम किंचित लंबगोल होऊ शकतो.

छत्तीस मीटर आणि त्रेसष्ट मीटर

थरथर सुटलेल्या गाडीचा ब्रेक बहुतेक वेळा लागतो, गाडी थांबते. म्हणूनच लोक सहा-सहा महिने काढतात. धोका दुसरीकडे आहे. चालकाला त्या थरथरीची धास्ती बसते आणि त्याचा पाय नकळत हलका पडू लागतो.

त्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ८० च्या वेगात दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर, चांगल्या टायरवर, पूर्ण जोराने ब्रेक लावला तर ती आणखी सुमारे ३६ मीटरमध्ये थांबते. थरथरीला घाबरून निम्म्याहून थोड्या अधिक जोरानेच ब्रेक लावला तर ३६ ऐवजी सुमारे ६३ मीटर लागतात. फरक २७ मीटरचा. याहून महत्त्वाचे म्हणजे, पहिली गाडी ज्या जागी उभी राहिली त्या जागेवरून दुसरी गाडी अजून ताशी ५० च्या वेगाने जात असते.

त्या जागी काय असेल ते आपल्या रस्त्यांवर सांगता येत नाही. वर्धा-कळंब-यवतमाळ-आर्णी-महागाव हा चौपदरी झालेला रस्ता, नाहीतर वडकी-पांढरकवडा-पाटणबोरीवरून आदिलाबादकडे जाणारा महामार्ग ४४, इथे गाड्या सहज शंभरच्या पुढे जातात. त्याच रस्त्यांना दोन्ही बाजूंनी शेते आणि जंगल लागून आहे. तिन्हीसांजेला कापसाची बंडी मागे दिवा नसताना चाललेली असते. वणीकडे कोळशाचे ट्रक उभे असतात. टिपेश्वरच्या आसपास आणि तसे तर सगळ्याच जिल्ह्यात रोही आणि रानडुकरे रस्ता ओलांडतात. पूर्ण वाढलेला रोह्याचा नर २०० किलोंहून जड असू शकतो आणि त्याचे पाय उंच असतात. धडक पायांना बसते आणि धड बॉनेटवरून थेट काचेवर येते. डोके, मान आणि छाती या तिन्हींना एकाच वेळी मार लागलेले चालक असे येतात. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतली किती ब्रेकमुळे गेली हे कागदावरून कळणे कठीण, कारण धडकेनंतर डिस्कची जाडी कोणी मोजत नाही.

यवतमाळचा रुग्ण पुढच्या उपचारांसाठी सावंगीला, सेवाग्रामला किंवा नागपूरला न्यायचा तर पुष्कळदा शेजाऱ्याची नाहीतर भाड्याची गाडी रात्रीच निघते. मागच्या सीटवर आडवा झालेला रुग्ण, त्याला धरून बसलेले दोघे, पुढे चालकाशेजारी आणखी एक. कमरेचे हाड मोडलेल्या माणसाला ब्रेकचा प्रत्येक हादरा कळतो.

थरथर नेमकी कुठे जाणवते?

रोग्याला ‘कुठे दुखते ते बोटाने दाखवा’ म्हणतात, तसे इथेही विचारावे. स्टिअरिंग थरथरत असेल तर दोष बहुतेक पुढच्या चाकांत. सीट आणि जमीन हादरत असेल, पण हात शांत असतील तर मागच्या ड्रमकडे पाहावे. पेडल पायाखाली लयीत वर-खाली होत असेल तर डिस्कच्या जाडीतला फरक किंवा ड्रमचा लंबगोल जवळजवळ पक्का. गाडी थरथरण्याबरोबर एका बाजूला ओढत असेल तर जाम कॅलिपर, तेल लागलेला पॅड किंवा टायरमधली असमान हवा शोधावी. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक झिजलेले असतील तर ते थरथर निर्माण करत नाहीत, पण छोटी थरथर मोठी करतात. अशा गाडीत डिस्क बदलूनही समाधान होत नाही, कारण सैल सांधे तसेच राहतात.

पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस उभी राहिलेली गाडी पहिल्या काही ब्रेकना कर्रकर्र करते, थोडी थरथरते. हा वरवरचा गंज असतो आणि पाच-सात किलोमीटरमध्ये पुसला जातो. त्यासाठी खर्च करू नये. महिनोन्महिने उभ्या गाडीत मात्र पॅडच्या आकाराचा गंजाचा ठसा डिस्कवर खोल उमटतो. टाळेबंदीनंतर अशा गाड्या पुष्कळ निघाल्या होत्या.

एक थरथर मात्र दोषाची नसते. निसरड्या रस्त्यावर किंवा एकदम जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाला भराभर धक्के देते, खालून कर्रकर्र आवाज येतो. हे एबीएस. चाक जागीच अडकून घसरू नये म्हणून ही यंत्रणा ब्रेक सेकंदात अनेक वेळा सैल-घट्ट करते. एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींत ती सक्तीची आहे. तिची ओळख नसलेला चालक काहीतरी मोडले असे समजून नेमक्या त्या क्षणी पाय उचलतो. पाय उचलायचा नाही. पेडल पूर्ण दाबून ठेवायचे आणि स्टिअरिंग वळवत अडथळा चुकवायचा. एबीएस त्याचसाठी आहे.

आता उपचार. पहिली मागणी डायल गेजची करावी. हे घड्याळासारखे छोटे उपकरण डिस्कच्या कडेला टेकवून चाक हाताने फिरवले की तिरपेपणा आकड्यात दिसतो. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी सहा-आठ ठिकाणी मोजायची. ही दोन्ही साधने फार महाग नाहीत. तरीही कित्येक ठिकाणी न मोजताच डिस्क लेथवर चढवली जाते, आणि तापमापकाशिवाय तापाचे औषध देण्यासारखेच ते आहे. घासण्याआधी डिस्कवर किंवा तिच्या मधल्या टोपीवर कोरलेली किमान जाडी वाचावी. घासल्यावर डिस्क त्याखाली जाणार असेल तर ती घासायची नाही, बदलायची. पातळ डिस्क उष्णता कमी धरते, लवकर तापते आणि पुन्हा लवकर थरथरते. निळसर-काळे डाग असतील तरी बदलणेच स्वस्त पडते. डिस्क नेहमी जोडीने बदलावी, डावी-उजवी दोन्ही, आणि पॅडही नवे घ्यावेत. हब तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत साफ करावा. कॅलिपरच्या पिना काढून, पुसून, ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. साधे ग्रीस उष्णतेने वितळून पॅडवर येते.

ब्रेक ऑइलकडे दुर्लक्ष होते. ते हवेतला ओलावा शोषते आणि जसजसे ओले होते तसतसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रकारच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओलावा शिरलेल्याचा किमान १४० अंश धरला जातो. लांब उतारावर ते कॅलिपरमध्ये उकळले की वाफेचे बुडबुडे तयार होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट जमिनीला टेकते. थरथरीत निदान ब्रेक लागतो, इथे लागतच नाही. बहुतेक गाड्यांत ते दर दोन वर्षांनी बदलायचे असते.

चालत्या गाडीत थरथर अचानक सुरू झाली आणि एक-दोन दिवसांत चाक काढलेले असेल, तर आधी गाडी बाजूला घेऊन नट तपासावेत. सैल नटही असेच हादरे देतात. एका चाकातून जळका वास किंवा धूर येत असेल, धातूवर धातू घासल्याचा आवाज असेल किंवा पेडल मऊ पडले असेल तर पुढे जाऊ नये. तापलेल्या डिस्कवर बाटलीतले थंड पाणी ओतू नये, बीड तडकू शकते.

ब्रेक उघडल्यावर उडणारी धूळ

ड्रम उघडला की मिस्त्री काय करतो? कॉम्प्रेसरचा पाइप घेतो आणि आतली काळी धूळ फूऽऽ करून उडवतो. शेजारी पाना धरून उभा असलेला पोऱ्या ती सगळी श्वासात घेतो. ही धूळ म्हणजे झिजलेले पॅड आणि झिजलेली डिस्क. तिच्यात लोह, तांबे, अँटिमनी असे धातू आणि फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण असतात. युरोपच्या नव्या ‘युरो ७’ नियमांत धुराड्याबरोबर ब्रेकच्या धुळीलाही प्रथमच मर्यादा घातली आहे, ती या कारणाने.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. उष्णता सोसणारा आणि स्वस्त, म्हणून विसाव्या शतकात जगभर तो वापरला गेला. आज नामांकित कंपन्यांचे पॅड त्याशिवाय बनतात. पण जुन्या गाड्यांचे भाग आणि नाव-गाव नसलेला स्वस्त माल यांची खात्री देता येत नाही, आणि भारतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदीही नाही. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. फुप्फुस निबर होणे, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसावरच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे आजार २० ते ४० वर्षांनी उगवतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी चढतो. अठराव्या वर्षी गॅरेजला लागलेल्या मुलाला पन्नाशीत धाप लागली तर त्याला ड्रमची धूळ आठवेल कशी? डॉक्टरांनीच ती विचारायला हवी, आणि रुग्णाच्या कागदावर ‘धंदा’ या रकान्यात नुसते ‘मजूर’ लिहून ती विचारली जात नाही.

उपाय साधे आहेत. हवा मारायची नाही. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याने धूळ भिजवून पुसायची आणि फडके बंद पिशवीत टाकायचे. एन-९५ मास्क लावावा. हात पेट्रोलने नव्हे, साबणाने धुवावेत, पेट्रोलने कातडी फाटते आणि खाज सुटते. आणि खर्रा. विदर्भातल्या कामगाराच्या तळहातावर दिवसातून दहा वेळा तंबाखू-सुपारी चोळली जाते, ती त्याच काळ्या हाताने. खऱ्र्याने तोंडाचा कर्करोग होतो तो होतोच, वरून ब्रेकची धूळही पोटात जाते.

सरकारी तपासणीचे एक विचित्र गणित इथे सांगायला हवे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. तोवर तिचे ब्रेक कोणी सरकारी माणूस पाहत नाही. धुराची तपासणी मात्र ठरावीक मुदतीने करावीच लागते. ट्रक, बस, टॅक्सी यांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी गाडीच्या मालकाने दर दहा हजार किलोमीटरला चारही चाके काढून ब्रेक पाहून घेतले तर ही उणीव भरून निघते. पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, एकदा पाहणे आपल्या मातीत विशेष गरजेचे.

नवी डिस्क आणि नवे पॅड बसवल्यावर पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जपून चालवावी. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, साठच्या वेगावरून पंधरा-वीसपर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचे नाही. मध्ये एक-दोन मिनिटे चालवत डिस्क निवू द्यायची. असे आठ-दहा वेळा केले की पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. त्यानंतर पन्नास-शंभर किलोमीटर झाले की चारही चाकांचे नट थंड गाडीवर पुन्हा एकदा आवळून घ्यायचे, समोरासमोरचे घेत आणि पान्याला पाइप न लावता.